‘वाटं’वरचं टिंब

नाव : सृष्टी विजयकुमार बोंढारे. वय : २१ वर्षे. धंदा : शिक्षण, पत्रकारितेचं शेवटचं वर्ष. राहणार : तहसील रस्ता, हिंगोली, ता. जि. हिंगोली. दिनांक : १८ फेब्रुवारी २०२६, बुधवार. जबाब सुरू केल्याची वेळ : सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी आज रोजी ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, समन्स नाही, नोटीस नाही. वडील सोबत आहेत, ते बाहेर बाकावर बसले आहेत. माळसावंगी येथील प्रकरणात मला काय माहीत आहे आणि मी स्वतः काय केलं आहे, ते समक्ष सांगते, ते असं.

आधी लिहिण्याबद्दल. हवालदार तातेराव मस्के जबाब लिहून घेऊन राहिले आहेत. त्यांना मी म्हणाले, मी बोलते तसंच लिहा, शुद्ध करू नका. ते म्हणाले, "बाई, जबाबाची एक भाषा असती. तुमच्या बोलण्यात लिवलं तर वरचे साहेब म्हणतेल, तातेराव, हा जबाब हाय का गप्पा?" मी म्हणाले, काका, शुद्ध करण्यापायीच एक बाई अकरा दिवसांपासून आत आहे. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि बोला म्हणाले. तेव्हा मधेमधे ‘सदर’ आणि ‘नमूद’ येतील ते त्यांचे समजावे. बाकी सगळं माझं.

मी हिंगोलीतच जन्मले आणि वाढले. वडिलांचं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, आई घरी शिवणकाम करते. खेड्यात आमचं आता काही राहिलेलं नाही. खेड्याची बोली मला बोलता येत नाही पण समजते, असं मी धरून चालले होते. मी इन्स्टाग्रामवर ‘शिवारातली खबर’ नावाचं पान चालवते. सदर घटनेपूर्वी त्याला चौदाशे लोक जोडलेले होते. आज एकवीस हजार आहेत. ते कशामुळं वाढले ते पुढे येईलच.

सत्यशीला रत्नपाल खिल्लारे, वय ४९, राहणार माळसावंगी, ता. सेनगाव, यांना मी पहिल्यांदा १० डिसेंबर २०२५ रोजी पाहिलं. हिंगोलीत मानवी हक्क दिनाचा कार्यक्रम होता आणि आमच्या सरांनी मला बातमीला पाठवलं होतं. हार झाले, नारळ झाले, चार वक्त्यांनी मानवी हक्क म्हणजे काय ते चार तऱ्हेनं सांगितलं. लोक उठून चहाकडं निघाले तेव्हा या बाईंना तीन मिनिटं मिळाली. त्या पूर्वी गावात आशा कार्यकर्ती म्हणून काम करायच्या. आता त्या आसपासच्या सात-आठ गावांतल्या लोकांचे अर्ज लिहितात. कोणाला मारलं, कोंडलं, कोणाचं रेशन बंद केलं, की त्याच्यासोबत ठाण्यात आणि कचेरीत जातात. कार्यक्रम संपल्यावर त्यांनीच मला गाठलं. "तू कोणच्या पेपरची?" मी म्हणाले, कॉलेजच्या. "मंग तर लई बरं. तुला कोणी फोन करून म्हणणार न्हाई, बातमी काढ म्हून."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर पाच वेळा गावांना गेले. हिंगोलीहून पुसेगावपर्यंत एसटी, तिथून मिळेल ते वाहन. त्यांची काम करायची रीत सांगते, कारण ती मी शिकायला पाहिजे होती आणि शिकले नाही. त्यांच्यापाशी दोनशे पानी वही असते. माणूस बोलतो तसं त्या लिहितात, त्याच्याच शब्दांत, आणि उठायच्या आधी पूर्ण वाचून दाखवतात. "बराबर हाय का? कुठं चुकलं आसंल तर सांगा." एका म्हाताऱ्या बाबांनी "मला रट्टे देले" असं सांगितलं होतं. मी म्हणाले, ‘मारहाण केली’ असं लिहा ना. त्या म्हणाल्या, "मारहाण कागदात ऱ्हाती. रट्टे ह्याच्या पाठीवर हायेत." मला तेव्हा हसू आलं होतं.

आता मूळ भांडणाबद्दल. माळसावंगीच्या गायरानावर एका सोलार कंपनीनं तारेचं कुंपण घातलं आहे. गावचे मसाजी मारकळ, वय अंदाजे ६०, मेंढरं राखतात. १९ जानेवारीला त्यांची मेंढरं कुंपणाच्या फटीतून आत गेली. कंपनीच्या राखणदारांनी मसाजींना धरून पत्र्याच्या खोलीत सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत ठेवलं. हात त्यांच्याच दोरानं बांधले होते. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. मेंढरं रानोमाळ झाली, ती दिवेलागणीपर्यंत गावातल्या बाया गोळा करून राहिल्या होत्या. त्यांपैकी चार जणींनी पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं सत्यशीलाबाईंनी वहीत लिहिलं आणि मी मोबाइलमध्ये घेतलं. त्याबाबतचा अर्ज याच ठाण्यात २१ जानेवारीला दिलेला आहे. त्याचं पुढं काय झालं ते मी आज विचारलं. हवालदार म्हणाले, तो विषय वेगळा. असेल वेगळा.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी साडेदहाला कंपनीचे साइट मॅनेजर श्री. अनिरुद्ध देशमाने हे माळसावंगीत मारुतीच्या पारावर बोलणी करायला आले. ते पुण्याकडचे आहेत. त्यांना सत्यशीलाबाईंनीच निरोप पाठवला होता, की समोर बसून बोला, गावातून कोणी वाकडं बोलणार नाही. पारावर साठ-सत्तर माणसं होती. मसाजी हाताला पट्टी बांधून खाली मान घालून बसले होते. मी पाराच्या कडेला मोबाइल घेऊन उभी होते.

तासभर बोलणं ठीक चाललं. मग श्री. देशमाने म्हणाले की मसाजींना कोणी कोंडलं नव्हतं, ऊन होतं म्हणून सावलीत बसवलं होतं. त्यावर मसाजींच्या पत्नी पंचफुलाबाई म्हणाल्या, "सावलीत बसवायला दोर लागतो व्हय साहेब?" लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. मागून आवाज आले, गाडीची हवा सोडा, जाऊ देऊ नका. आवाज कोणाचे ते मला सांगता येणार नाही, मी त्या गावची नाही. श्री. देशमाने उठून उभे राहिले. ते घाबरले होते आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

त्या वेळी सत्यशीलाबाई उठल्या. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "कोणी उठायचं न्हाई. चहा झाला, पाणी झालं, बोलणं झालं. साहेबाला मी वाटं लावते." मी त्यांच्यापासून चार हातांवर होते.

नंतर त्या श्री. देशमाने यांच्या बाजूनं चालत निघाल्या. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला देवळाची भिंत, मधे साहेब. गाडी मागून हळूहळू येत होती. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे तिथपर्यंत, म्हणजे साधारण चारशे पावलं, त्या त्यांच्यासोबत चालत गेल्या. वाटेत एकही माणूस आडवा आला नाही. ओढ्यापाशी त्यांनी हात जोडले, "नीट जा" म्हणाल्या, साहेब गाडीत बसले आणि गेले. आम्ही दोघी पारावर परत आलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाऊण वाजता फोन आला की पुसेगावच्या वाटेवर दोन किलोमीटर पुढं, पुलाच्या अलीकडं, तुरीच्या रानातून गाडीवर दगड आले. काच फुटली. श्री. देशमाने यांच्या कपाळाला पाच टाके पडले. दगड कोणी मारले ते मला माहीत नाही. हे मला आज तीन वेळा विचारलं आणि मी तिन्ही वेळा हेच सांगितलं आहे. फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई माझ्यासमोर खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "मी त्यायला शब्द देला होता." श्री. देशमाने यांना लागलं याचं मला वाईट वाटतं. माणूस कोणाच्याही बाजूचा असो, त्याला दगड मारणं बरोबर नाही.

त्याच संध्याकाळी सव्वासहा वाजता मी घरी बसून २६ सेकंदांची रील बनवली. त्यात बाईंनी हात वर करणं आणि ते वाक्य, एवढंच ठेवलं. चहाचं बोलणं कापलं. ओढ्यापर्यंतचं चालणं कापलं. वारा खूप होता, देवळावरचा भोंगा चालू होता, त्यामुळं आवाज फुटला होता. आवाजात ‘साहेबा’, ‘मी’, ‘वाट’ आणि ‘लावते’ एवढंच कळतं. म्हणून मी खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत वाक्य लिहिलं. ते असं लिहिलं : "साहेबाची मी वाट लावते." वर बाईंचं पूर्ण नाव आणि गाव टाकलं. ही रील टाकण्याआधी मी त्यांना वाचून दाखवली नाही.

रील टाकली तेव्हा दगडफेकीचं मला माहीत होतं का, असं इथल्या पोलीस उपनिरीक्षक साहेबांनी विचारलं. हो, माहीत होतं. लोक या दोन गोष्टी जोडतील हे तुमच्या मनात आलं नाही का, असं विचारलं. आलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आलं होतं. ते फार वेळ थांबलं नाही, कारण तोवर मी गाणं निवडून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीस हजार लोकांनी पाहिली होती. तिसऱ्या दिवशी दोन लाख. लोकांनी ‘वाघीण’ लिहिलं, ‘नडली तर अशी’ लिहिलं. मला आनंद झाला. मी आईला दाखवली, मैत्रिणींना पाठवली. हेही लिहाच.

७ फेब्रुवारी, शनिवारी सत्यशीलाबाईंना अटक झाली. आम्हाला ते बातमीतून कळलं नाही. शनिवारी दुपारी एक माणूस वडिलांच्या दुकानात रंगीत झेरॉक्स काढायला आला. कागदावर माझ्या रीलचा फोटो होता, पिवळी अक्षरं तशीच, आणि त्याखाली कोणीतरी लाल पेनानं रेघ मारलेली होती. सहा प्रती हव्या होत्या. वडिलांनी पानाचं नाव वाचलं आणि हे कशासाठी ते त्याला विचारलं. त्यांनी सहाही प्रती काढून दिल्या, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आले. मला म्हणाले, "हे तूच लिहिलंस ना?" मी म्हणाले, हो. ते म्हणाले, "त्या बाईवर कट केल्याचा गुन्हा आहे. पुरावा म्हणून हे लावलंय." त्या दिवशी आमच्याकडं कोणी जेवलं नाही.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की बाई चिडून बोलल्या आणि मी ते जगाला दाखवलं. ९ फेब्रुवारीला मी माळसावंगीला गेले. पंचफुलाबाई मेंढरांना पाला टाकून राहिल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, त्यांच्या नातीनं त्यांना रील वाचून दाखवली होती. त्यांनी मला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "असं काहून लिवलं माय?" मी म्हणाले, त्या तसंच म्हणाल्या ना. पंचफुलाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "त्या वाटं लावते म्हणल्या. पावणा निघाला की त्याला वाटं लावतेत. लेक सासरी निघाली की तिला वाटं लावतेत, शिवेपस्तोर जातेत संगं. एकटं सोडत न्हाईत माणसाला. तुमच्यात न्हाई लावत का?"

आमच्यात ‘सोडायला जाणं’ म्हणतात. वाटं लावणं म्हणजे वाटेला लावून देणं हे मला माहीत नव्हतं. वाट लावणं म्हणजे सत्यानाश करणं, एवढंच मला माहीत होतं. दोन्हींत लिहिताना एका टिंबाचा फरक आहे. ज्या बाईनं त्या माणसाला आपल्या अंगाआड घेऊन गावाबाहेर सुखरूप काढलं, तिनंच त्याच्या सत्यानाशाची धमकी देऊन कट केला असा तिच्यावर गुन्हा आहे. पंचफुलाबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला भाकर खाऊन जा म्हटलं आणि निघताना फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आल्या. वाटेत मी त्यांच्याकडं एकदाही पाहू शकले नाही.

घरी आल्यावर मी रील काढून टाकली. तोवर ती दुसऱ्या पाचपन्नास पानांवर गेली होती. वडील म्हणाले, "हा तर ध चा मा झाला." मी म्हणाले, तो मुद्दाम केला होता. त्यावर ते माझ्याकडं पाहत राहिले आणि मी पाणी प्यायला आत गेले.

१३ फेब्रुवारीला सत्यशीलाबाईंना कोर्टात आणलं होतं. त्यांच्या वकील शिलाताई वाढवे यांनी मला वऱ्हांड्यात दोन मिनिटं भेटू दिलं. बाईंच्या अंगावर तीच निळी साडी होती. मी माफी मागायला गेले होते आणि रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको, लोकं पाहून राहिले." मग म्हणाल्या, "मला एकदा वाचून दावायचं होतंस. एवढंच." मी म्हणाले, मी ठाण्यात जाऊन सगळं सांगते, मोबाइलही देते. त्यांनी माझं मनगट धरलं. "मोबाइलात त्या चौघीचे तोंडं हायेत. म्या त्यायला सांगितलंय, कोणाला दिसणार न्हाईत. त्यायला त्याच गावात ऱ्हायाचं हाय. माझं काय, मी ऱ्हाईन आत." एवढ्यात त्यांना नेलं.

यावरून, मोबाइल जमा करता का, असं आज मला विचारण्यात आलं. ५ फेब्रुवारीचं पारावरचं आणि ओढ्यापर्यंतचं मूळ चित्रीकरण, एकूण ४१ मिनिटं, काहीही न कापता मी पेन ड्राइव्हमध्ये आणलं आहे आणि जमा केलं आहे. चार बायांचं चित्रीकरण मी देणार नाही. त्याचा दगडफेकीशी संबंध नाही. साहेब म्हणाले, कोर्टाकडून आदेश आणू. आणा. तेव्हा कोर्टात काय बोलायचं ते मी शिलाताईंना विचारीन.

मूळ चित्रीकरण इथल्या संगणकावर माझ्यासमोर लावून पाहिलं. ते वाक्य त्यातही फुटलेलंच आहे. हवालदार मस्के यांनी तीन वेळा कान लावून ऐकलं. ते जवळच्याच गावचे आहेत, त्यांना वाटं लावणं माहीत आहे, तसं त्यांनी मला सांगितलं. पण ते म्हणाले, "माझ्या माहीत असण्यानं काय होतं? वाऱ्यात टिंब ऐकू येत न्हाई." बाई चालत ओढ्यापर्यंत गेल्या ते स्पष्ट दिसतं. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की, त्या त्यांना मुद्दाम दगडाच्या दिशेनं घेऊन गेल्या असंही म्हणता येईल. मग ते वाक्य काय होतं यावरच सगळं येऊन थांबतं. ते कानांनी नीट ऐकलं असं ठामपणे सांगणारी, गावाची नसलेली, त्यांच्या जातीची-नात्याची नसलेली, एकटी मी आहे.

उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे. परवा, शुक्रवारी, बाईंच्या जामिनाची तारीख आहे. म्हणून मी आज आले.

इथपर्यंत लिहून झाल्यावर दुपारी दीड वाजता हवालदारांनी मला मजकूर एकदा वाचून दाखवला. त्यात रीलच्या ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं : "वाऱ्याच्या आवाजामुळे माझ्याकडून ऐकण्यात चूक होऊन अनवधानाने सदर मजकूर टाकला गेला." मी म्हणाले, काका, हे मी बोलले नाही. ते म्हणाले, "पोरी, माझी नात तुझ्याएवढी हाय. असू दे ते वाक्य." मी साहेबांना बोलवा म्हटलं.

पोलीस उपनिरीक्षक साहेबांनी मला समजावून सांगितलं, ते असं. ऐकण्यात चूक झाली असेल तर मी साक्षीदार आहे. नीट ऐकून मुद्दाम बदललं असेल तर माझ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. माझं शेवटचं वर्ष आहे. पुढं नोकरीला, पासपोर्टला चारित्र्याचा दाखला लागतो. त्यांनी हे दमात घेऊन सांगितलं नाही, हे मी मान्य करते. नंतर त्यांनी वडिलांना आत बोलावलं.

वडील माझ्या शेजारी बसले. ते म्हणाले, "तुला कोणी खोटं बोल म्हणत नाही. वारा होता ना? होता. मग वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही म्हण. एवढ्यानं कोणाचं काय जातं?" मी म्हणाले, बाईंचं जातं. मला नीट ऐकू आलं नाही असं मी म्हटलं, तर बाई नेमकं काय बोलल्या ते कोणालाच माहीत नाही असं होतं. मग ती पिवळी अक्षरं तशीच राहतात. वडील म्हणाले, "त्या बाईला वकील आहे. तुला कोण आहे?" आयुष्यभर त्यांनी लोकांचे कागद पुसट येऊ दिले नाहीत, आणि आज ते मला एक कागद थोडा पुसट ठेव म्हणून विनवत होते. मला त्यांचं वाईट वाटलं. अजून वाटतं.

ऐकण्यात चूक नव्हती, हे सिद्ध कशावरून, असं साहेबांनी विचारलं. त्यावर मी सांगते की, बाई ‘साहेबाला’ म्हणाल्या. मी ‘साहेबाची’ लिहिलं. नुसतं चुकीचं ऐकलं असतं तर ‘साहेबाला मी वाट लावते’ असं झालं असतं, आणि तसं वाक्य मराठीत होत नाही. मी आधी तसंच लिहिलं होतं. ‘साहेबाला मी वाटं लावते’, टिंबासकट, जसं ऐकलं तसं. मग मला ते गावंढळ वाटलं. पहिल्या वर्षी माझ्या एका बातमीत ‘लेकरं गेलते’ असं होतं, सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळे हसले, तेव्हापासून मला असल्या शब्दांची धास्ती आहे. मी टिंब काढलं. टिंब काढल्यावर वाक्य बसेना, म्हणून ‘ला’ काढून ‘ची’ लावलं. ‘ची’ लावल्यावर अर्थ कुठं गेला ते मला समोर दिसत होतं. मी थांबले. ‘गेलं तर गेलं, भारी वाटून राहिलं’ असं माझ्या मनात आलं, ह्याच शब्दांत आलं, आणि मी बटण दाबलं. याला अनवधान म्हणत नाहीत. मला वाटं लावण्याचा अर्थ माहीत नव्हता हे खरं आहे. त्या जे बोलल्या ते मी लिहिलं नाही, हे मला माहीत होतं हेही खरं आहे.

मोबाइलमधल्या त्या रीलच्या मसुद्यात पहिलं वाक्य, टिंबासकट, वेळेसह शिल्लक आहे : ५ फेब्रुवारी, सायंकाळी ६ वाजून ३१ मिनिटे. त्यानंतर दुसरं, ६ वाजून ३४ मिनिटे. दोन्हींचे स्क्रीनशॉट मी पेन ड्राइव्हमध्ये टाकले आहेत. मधल्या तीन मिनिटांबद्दल मी वर सांगितलं आहे. वडिलांना हे मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. ते ऐकून ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

सत्यशीला रत्नपाल खिल्लारे या माझ्यामुळं कोठडीत आहेत. हे वाक्य साहेबांनी काढायला सांगितलं. ते म्हणाले, हे तुमचं मत झालं, जबाबात घडलेलं लिहितात. मी म्हणाले, हे घडलेलंच आहे. मग साहेबांनी हवालदारांना राहू द्या म्हटलं.

‘ऐकण्यात चूक होऊन अनवधानाने’ हे शब्द माझ्यासमोर आडवी रेघ मारून खोडले आहेत. श्री. देशमाने यांच्याशी, कंपनीशी किंवा बाईंशी माझा पैशाचा, नात्याचा किंवा वैराचा संबंध नाही. मला कोणी धमकावून किंवा आशा लावून बोलतं केलेलं नाही.

वरचा सगळा मजकूर हवालदार मस्के यांनी मला दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवला, त्यानंतर मी तो स्वतः बोट ठेवून वाचला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. एका ठिकाणी ‘वाटं’वरचं टिंब राहून गेलं होतं, ते हवालदारांनी दिलं आणि शेजारी आपली छोटी सही केली. वेळ दुपारी ३ वाजून ५ मिनिटे.

साक्षीदाराची जबाबावर सही घेत नाहीत, कायद्यानं ती लागत नाही, असं साहेबांनी मला सांगितलं. हे मलाही माहीत आहे. वडील खिडकीतूनच म्हणाले, "नाही लागत तर कशाला करतेस?" त्या रीलवर माझं नाव कुठंच नव्हतं, फक्त सत्यशीलाबाईंचं होतं. म्हणून मी पेन मागून घेतलं आणि या कागदावर माझं पूर्ण नाव लिहिलं आहे.

सही/-
सृष्टी विजयकुमार बोंढारे